मलावीच्या बंदरात नांगर

ती. ताईस,

शामकांतचा नमस्कार, आणि तुझ्या नव्या गुडघ्याला वेगळा. जिने चढू देतो का तो? इकडे सेम्बावांगला आम्ही सुखरूप आहोत आणि मी तर विजयी आहे.

झालं असं, की आपल्या इराला मलावीतल्या एका इस्पितळात दोन वर्षांची डॉक्टरकी मिळाली. विद्याने ऐकलं आणि अंथरूणच धरलं. "कोण आहे आपलं तिथे?" आता अठ्ठावीस वर्षं जहाजाची इंजिनं सांभाळलेल्या माणसाला खोड असते, कुठल्याही देशाचं नाव निघालं की "आम्ही होतो तिथे" म्हणायची. मी म्हणालो, मलावी ना, तिथल्या बंदरात तीन दिवस नांगर टाकून होतो, माणसं देवासारखी! विद्याचा चेहरा जरा खुलतोय, तोवर इराने फोनवर नकाशा काढला. "बाबा, तिथे सी नाहीच लाह!" (हे 'लाह' म्हणजे इथल्या बोलीचं शेपूट, पोरीच्या तोंडून सुटत नाही.) सगळीकडून टांझानिया, मोझांबिक आणि झांबिया. विद्या म्हणाली, ज्या देशासाठी बापाला थापा माराव्या लागतात तिथे पोरगी जाणार नाही. होकार कळवायला शुक्रवारपर्यंतची मुदत, आणि पोर न जेवता खोलीत. ताई, मला खरोखर लाज वाटली.

मग मात्र पेटलो. दोन दिवस लायब्ररीत ठाण मांडलं (विद्याला सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे) आणि गुरुवारी चहाच्या वेळी तोफ डागली. समुद्र नाही, कबूल. पण पावणेसहाशे किलोमीटर लांबीचं सरोवर आहे आणि त्याला बंदरं आहेत! त्यातल्या न्खाता बे बंदराचा फोटोच तिच्या नाकासमोर धरला. (नांगराबद्दल मौन पाळलं.) चहाचे मळे सांगितले, मुलांजेचे डोंगर सांगितले, विद्या ढिम्म. शेवटी म्हणालो, मक्याच्या पिठाची घट्ट उकड करतात, न्सिमा म्हणतात तिला, आणि पालेभाजीबरोबर हाताने खातात. उकड म्हणताच बाई उठून बसली. "आणि ताक?" मी म्हणालो, विरजण आपण देऊ. इराने तिथल्या तिथे होकार कळवला, आणि मी दोन वाट्या शिरा खाल्ला. दर्यावर्दी माणूस कोरड्या जमिनीवरही हरत नाही, हे भावोजींना मुद्दाम वाचून दाखव.

तुझा,
शाम

ता. क. विरजण लावणं इराला जमणार नाही, म्हणून विद्याही जाते आहे. तीन महिने. तिकीट काढून झालं.

आणखी ता. क. इतकी वर्षं निघायचो मी आणि दारात उभी राहायची ती. मागे कसं राहायचं असतं, हे काल तिला विचारलं, तर म्हणाली, सवय होते. मला नाही होणार, ताई. तीन महिने तू इकडे येशील का?