वर न केलेला हात

मी, खाली सही करणारी, वीज खात्याच्या बिल विभागातून निवृत्त झालेली आणि त्याच खात्याच्या महिला बास्केटबॉल संघाची बरीच वर्षे कप्तान असलेली बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी आज सकाळीच तपासून तसे लिहून दिले आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, पण लिहिण्यापुरता चालतो. मला कोणी धाक घातलेला नाही. गोड बोलून वळवण्याचा प्रयत्न धाकट्या भावाने केला, पण तो फसला. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, आणि हे वाचून कोणी रुसले तरी दुसरे करणार नाही.

१. घर. हे दुमजली घर मी माझ्या पगारातून घेतले. त्यात वडिलोपार्जित एक वीटही नाही. वरचा मजला, जिथे मी, भाऊ आणि भावजय राहतो, तो माझ्यामागे त्या दोघांचा. तळमजल्यावर दोन खोल्या आणि सहा खाटा आहेत. बाहेरगावाहून खेळायला येणाऱ्या मुली तिथे राहतात. त्यांच्याकडून भाडे घेत नाही. बूट दाराबाहेर काढायचे, एवढीच अट, आणि तीही कोणी पाळत नाही. या खोल्या मुलींच्याच राहाव्यात ही माझी इच्छा आहे. खरे तर या सगळ्या कागदात माझी तेवढी एकच इच्छा आहे.

भाऊ म्हणतो, "अगं ताई, खाली दोन दुकानं काढू. जन्मभर लोकांच्या पोरी सांभाळल्यास, आता जरा घरच्यांचं बघ." भाऊ मनाचा वाईट नाही. पण माझे डोळे मिटल्यावर महिन्याभरात खाली शटर बसेल, हे मी त्याला लहानपणापासून ओळखते म्हणून सांगू शकते. तेव्हा तळमजल्याचा सगळा कारभार मी भावजयीच्या हाती देत आहे. त्या खोल्या विकण्याचा किंवा भाड्याने देण्याचा हक्क कोणालाही नाही, आणि तिथल्या प्रत्येक बाबतीत तिचा शब्द शेवटचा.

माझ्या वकिलांनी इथवर वाचून कागद खाली ठेवला. "बाई, दुकानं झाली तर भाडं तिच्याच घरात येणार. आणि राखणीला तुम्ही तिलाच बसवताय?"

मी म्हटले, "तिलाच."

२. या नेमणुकीचे कारण. कायद्याला कारण लागत नाही, पण भावाला लागेल, म्हणून लिहिते.

आमच्या संघात एकमेकींना नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. मी चार नंबर, भावजय अकरा. पहिल्या दिवशी आली तेव्हा इतकी किडकिडीत होती की बनियनवरच्या अकरातला दुसरा एक काखेत जायचा. पण चेंडू हातात आला की पाठीला डोळे फुटायचे. मी कुठे धावणार हे मला कळायच्या आत तिचा पास माझ्या हातात असायचा. मी जे गुण केले त्यातले निम्मे तिचे आहेत, आणि हे मी तिला कधीच सांगितलेले नाही. आता वाचेल.

भाऊ रोज माझा डबा घेऊन मैदानावर यायचा. पुढे पुढे तो डबा घरी विसरून नुसताच यायला लागला, तेव्हा मी काय समजायचे ते समजले. लग्न झाले, मुलगा झाला. बाळ वर्षाचे झाल्यावर ती बूट बांधून सरावाला आली, तर प्रशिक्षक म्हणाले, "आता तुझा खेळ संपला. घर सांभाळ." ती परत आली, संध्याकाळभर बाळाचे कपडे धूत बसली, आणि दुसऱ्या दिवशी पंचांच्या परीक्षेचा अर्ज भरून आली.

त्या वर्गात ती एकटी बाई. पंचांची पँट पुरुषी मापाची मिळाली, ती मी टाचून दिली. बाळ झोपले की ती माजघरात उलटी धावायचा सराव करायची, कारण पंचाला खेळाकडे तोंड ठेवूनच मागे सरकावे लागते. दोनदा कपाटावर आदळली. शिट्टी वाजवायची ती उशीत तोंड खुपसून. पुरुषांच्या सामन्यात पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा प्रेक्षकांतून जे बोलले गेले ते मी मृत्युपत्रात लिहीत नाही. तिने एकाही शब्दाला मान वळवली नाही. मला कोणी तसे बोलले असते तर मी खुर्ची फेकली असती. पुढे ती परदेशी जाऊन मोठमोठे सामने चालवून आली. आज नवे पंच तिच्या हाताखाली शिकतात आणि तिच्यासमोर बसताना घाम पुसतात.

आता तो सामना. अंतिम सामना होता आणि नेमलेले पंच आलेच नाहीत. मैदानावर पंचाचा परवाना असलेली व्यक्ती एकच, भावजय. नात्यातली असल्याने तिने दोन्ही कप्तानांना विचारले, "चालेल का?" समोरची कप्तान हो म्हणाली. मीही मोठ्या मनाने हो म्हटले, आणि मनात म्हटले, घरचे माणूस आहे, बरेच झाले.

शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणाने पुढे होतो. माझे चार फाऊल झाले होते. पाचवा झाला की खेळाडू बाहेर. त्यांची एक पोरगी उसळून आली, मी चेंडूवर हात घातला, आणि शिट्टी वाजली. भावजयीची मूठ वर. बोटे दाखवली, चार, म्हणजे माझा नंबर. आमच्या काळी नियम होता: ज्याचा फाऊल त्याने हात वर करायचा, म्हणजे टेबलावरची गुणलेखिका नोंद घेते. मी केला नाही. ती माझ्याकडे बघत थांबली. अख्खे मैदान थांबले. मी पाठ फिरवून चालती झाले. त्या पोरीने दोन्ही फ्री थ्रो जाळीत टाकले आणि आम्ही हरलो. माझा तो शेवटचा सामना.

रात्री मी ताट सरकवले. ती म्हणाली, "ताई, मैदानावरचं मैदानावर. जेवून घ्या."

"नव्हता लागला हात."

"लागला होता. मनगटाला. भात वाढू?"

तेव्हापासून आजवर तिने शब्द बदललेला नाही आणि मीही नाही. पण जी बाई नणंदेच्या शेवटच्या सामन्यात पाचवी शिट्टी वाजवते आणि त्याच रात्री तिलाच भात वाढते, ती नवऱ्याच्या दुकानांपुढे मऊ पडणार नाही. असे माणूस मी आयुष्यात एकच पाहिले, आणि ते माझ्याच घरात आहे याचा मला गर्व आहे.

३. किरकोळ वस्तू. चेंडूत हवा भरायचा पंप आणि सुया मुलींना. बक्षीस म्हणून मिळालेली भिंतीवरची घड्याळेही त्यांनाच. चालते एकच, बाकीच्यांच्या खिळ्यांना कपडे तरी अडकवता येतील. स्कूटर भाच्याला, म्हणजे अकरा नंबरच्या मुलाला. त्याने एकदा सामन्यात "अगं आई, पण" म्हणून तोंड उघडले आणि आईकडूनच दंड खाल्ला, त्याची ही भरपाई. बँकेतली ठेव तळमजल्याच्या डागडुजीला.

४. जुनी देणी. आमचे संघ व्यवस्थापक पुरुषांना नवे बूट द्यायचे आणि आम्हाला त्यांचे उतरलेले. त्यातला एक जोड मी जपून ठेवला आहे. तो त्यांना पोचवावा. प्रशिक्षकांना भावजयीचा फोटो द्यावा, पुरुषांच्या अंतिम सामन्यात मूठ वर केलेला. चौकट चांगली जाड घ्यावी.

५. सर्वांना सूचना. या मृत्युपत्रावरून पुढे वाद होतील. भावजय निर्णय देईल. भावा, तो तुला चुकीचा वाटेल. वाटू दे. तरी तू हात वर करायचा. पटला म्हणून नव्हे. शिट्टी तिच्याकडे आहे म्हणून. तिने तेवढे कमावले आहे.

आता जे मी स्वतः केले नाही ते भावाला कोणत्या तोंडाने सांगू? म्हणून साक्षीदारांना वर न बसवता इथे खाली बोलावले आहे, आणि भावजयीलाही. हात लागला नव्हता, हे माझे म्हणणे कायम आहे.

ठिकाण: माझ्या घराचा तळमजला, मुलींची खोली.
दिनांक: वकिलांच्या शिक्क्याखाली आहे तोच.
सही: (चार नंबर)

साक्षीदार पहिली, शेजारच्या डॉक्टरीणबाई: बाईंनी माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीवर सही केली. त्याआधी त्यांनी जे केले ते मी वैद्यकीय कारणास्तव करू दिले नसते, पण मला कोणी विचारले नाही.

साक्षीदार दुसरी, त्या सामन्याची गुणलेखिका: सही माझ्यासमोर झाली. सहीपूर्वी बाई खाटेवरून उठल्या आणि डाव्या हाताने आधार देत उजवा हात सरळ वर केला. भाऊ जिन्यात उभे होते, त्यांनी पाहिले. भावजय दारात होती. तिने आधी तो हात नीट पाहिला. मग माझ्याकडे वळून तिने चार बोटे दाखवली, आणि मी नोंद घेतल्याची मान हलवली. तेव्हा ती म्हणाली, "झालं, ताई. घ्या हात खाली, खांदा दुखेल."