आकृतीबाहेरची फुली

मंगळ., ३ फेब्रु.
मी एका पेशंटची फुली हलवली आणि त्या फुलीवरून डॉक्टरांनी दुसरं ऑपरेशन ठरवलं. म्हणून ही वही.

सायखेड्याच्या कमलबाई. मणक्याचं ऑपरेशन पावसाळ्यात झालं. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी डॉक्टरांच्या संशोधनात मदत करते; प्रत्येक पेशंटला छापील चित्र देते: बाजूने दिसणारा माणूस. दुखतं तिथे फुली मारायची. कमलबाईंनी मारली चित्राच्या बाहेर, पाठीमागे, कोऱ्या कागदावर. वाटलं, चष्मा विसरल्या. खोडून कमरेवर काढली. विचारलं नाही. आयुष्यभर पेपर तपासल्याची खोड.

ऑपरेशन पुढच्या मंगळवारी.

बुध., ४
जुनी चित्रं उजेडात धरली. आणखी तीन पेशंट: निफाडचे गुरुजी, सिन्नर, नाशिकरोड. तिन्हींवर बाहेरची फुली खोडलेली, आत नवी. नवी फुली माझ्या हातची. केल्याचं आठवत नाही.

शुक्र., ६
सायखेडा. कमलबाई ओट्यावर, भिंतीला न टेकता. मी मागून गेले तर ओरडल्या, "बाई, तिथं उभ्या नका राहू, लागतं!"
"पाठीत?"
"पाठीत नाय. मागं. तुमच्या चित्रातल्या बुवाला मागं जागाच ठेवली नाय, मी काय करू?"

डोळे मिटायला सांगितले. पेन्सिल हवेतून हळूहळू पाठीकडे नेली. वीतभर अंतरावर कळवळल्या. अंगाला स्पर्श नाही. चार वेळा, तीच जागा. सून हसत होती, "आत्याबाई, लय नाटकं!" मग तिने स्वतः करून पाहिलं. हसणं थांबलं. पदराला हात पुसत राहिली.

निघताना कमलबाई, "परत कापणार नाय ना?"

रवि., ८
निफाडच्या गुरुजींना फोन. त्यांचं दुसरं ऑपरेशन दिवाळीआधीच झालंय.
"आता कसं आहे?"
"कमरेत काहीच नाही. ते लांब गेलं."
"किती लांब?"
"आत्ता अंगणात आहे. त्यावरून सायकल गेली, मॅडम. एक मिनिट थांबा."
मी फोन ठेवला नाही.

सोम., ९
डॉक्टरांना सगळं सांगितलं.
"मॅडम, हवेत स्क्रू बसवू का?"
"कमरेतही बसवू नका, एवढंच म्हणते."
"एमआरआय फुलीशी जुळतो."
"फुली माझी आहे."
"फॉर्मवर 'फुली पेशंटचीच' म्हणून सही तुमची आहे." मग, खाली बघत, "तुम्ही दमलाय. रजा घ्या."
गुरुजींचं ऐकवलं. ऐकून त्यांनी पंखा बंद केला. नीट ऐकायला, की हवेत कुणाला लागू नये म्हणून, ते विचारलं नाही.

मंगळ., १०
सकाळी ९.१०. संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीच्या सचिवांकडे दिलं: मूळ चित्रं चार, फुल्या मी हलवल्याची लेखी कबुली एक, सहीसकट, निफाडच्या फोनची नोंद एक. पोच घेतली. "बैठक गुरुवारी," ते म्हणाले. ऑपरेशन आज आहे, मी म्हटलं. त्यांनी फोन उचलला. डॉक्टरांचा लागेना.

वॉर्डात कमलबाई उपाशी, हिरव्या गाऊनमध्ये, कुशीवर. कबुलीची दुसरी प्रत त्यांच्या हातात दिली. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी वाचल्याशिवाय हातातून सोडू नका, म्हटलं. "मला वाचता येत नाय, पण धरता येतं," म्हणाल्या.

१०.४० ला ट्रॉली आत गेली. प्रत मुठीत होती.