तड्यांचा आळ

३ मार्च
महिनाअखेर प्रयोगशाळेतला मोठा चुंबक बंद करणार! "बाई, थंड ठेवायला लागणारं द्रव हीलियम परवडत नाही हो." हे सांगतोय कोण? माझाच विद्यार्थी, आता विभागप्रमुख. खुर्ची मिळाली की कणा मऊ होतो काय? मला एकदाच मोजू देणार आहे. उपकार!

५ मार्च
ताईकडे गेले. माझी थोरली बहीण. आयुष्यभर सेंद्रिय स्फटिक वाढवले तिने. मी त्यांतून वीज सोडून मोजत बसले. आता तिचे हात थरथरतात, नवा होणे नाही. शेवटचा एक उरलाय — काळा, तिळाएवढा. आत थरांवर थर, पत्त्यांच्या जोडासारखे. थरातल्या थरात वीज सुखाने वाहते, दुसऱ्या थरात जाताना कुरकुरते. चुंबकात फिरवत नेला की ठरावीक कोनाला विद्युतरोध एकदम चढतो. आलेखातलं ते आमचं शिखर.

जाणकार म्हणतात, शिखर-बिखर काही नाही, स्फटिकाला तडे गेले असणार, त्यांचा हा खेळ. तडे! ताईच्या स्फटिकांना!

"अखंड आहे गं तो," ताई म्हणाली. "फक्त हळू थंड कर, घाईत तडकेल."

इतकी वर्षं खोटारड्या ठरून बसलोय दोघी.

११ मार्च
केसाहून बारीक सोन्याच्या तारा स्वतः चिकटवल्या. डोळ्यांचं पाणी झालं. आमचे शिष्योत्तम विभागप्रमुख मागे उभे — "बाई, चहा?" चहा कसला, श्वास रोख!

१२ मार्च
संपलं सगळं.

दिवसभर सावकाश थंड करायचं होतं. मी जेवायला घरी काय आले, शिष्योत्तमाने घाईघाईत उरकलं. हीलियम वाचवायला! रोधाचा आकडा उड्या मारत गेला. प्रत्येक उडी म्हणजे एक तडा. "चुकलंच, बाई." चुकलं म्हणे! कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर म्हणायच्या, मुलींनी आवाज चढवू नये. आज अख्ख्या मजल्याने ऐकला.

ताईला काय सांगू?

१३ मार्च
ताईचा फोन वाजून वाजून बंद झाला. उचलला नाही. अन्न गोड लागत नाही.

१४ मार्च
शिष्योत्तम दारात. "तडे तर तडे, बाई. टाकीत हीलियम आहे तोवर मोजून घेऊ." मढ्याची नाडी बघायला बोलावतोय! गेले. घरी भिंतींशी तरी किती भांडणार?

१५ मार्च
स्फटिक चुंबकात पूर्ण फिरवला. शिखर नाही. कुठल्याच कोनाला नाही.

शेवटी ताईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एवढे तडे, आणि तरी शिखर नाही? म्हणजे तड्यांमुळे येतच नव्हतं की गं! रडतेस कशाला, वेडे?"