उलटा करून वाळवायचा

१२ जानेवारी, रविवार
शर्ट आज पाचव्यांदा धुतला. अजून ठीक आहे. गालापाशी एक बारीक रेघ दिसते, पण ती मूळ फोटोतलीच असावी.

हे सगळं का, ते एकदा लिहून ठेवतो. हल्ली माझ्याही डोक्याचा भरवसा नाही. पावसाळ्यापासून माय मला ओळखत नाही. भाऊ म्हणते, कधी साहेब म्हणते. परक्याच्या हातचा घास तिला चालत नाही, तोंड घट्ट मिटून घेते. वजन उतरत चाललंय. मागच्या सोमवारी माझा वाढदिवस. ऋतुजाने गंमत म्हणून टी-शर्ट छापून आणला. छातीवर माझा दुसरीतला फोटो, चोपडून तेल, गळ्यापर्यंत बटण. छप्पन वर्षांच्या बापाच्या पोटावर सात वर्षांचा पोरगा. "पप्पा, जस्ट एकदा घाला ना, फोटो काढू." घातला. मायनं बघितलं आणि म्हणाली, "गुंड्या! कुठं गेलतास रे?" गुंड्या म्हणजे मीच, लहानपणीचा. मग वर माझ्या तोंडाकडे बघितलं. वाटीभर वरणभात खाल्ला माझ्या हातून.

तेव्हापासून दोन्ही वेळा तोच शर्ट. रोज सांडतं, रोज धुवायचा.

१४ जाने.
ऑफिस सुटल्यावर आबिड्सच्या बाजारात, छापला त्या दुकानात. टिकवायचा कसा, विचारलं. दुकानदार चष्म्यावरून बघत राहिला. असलं विचारायला कोणी परत येत नसावं. "उल्टा करके धोना चचा. ठंडे पानी में. ब्रश नक्को, निचोड़ना नक्को. छांव में सुखाओ, वो बी उल्टाच. छापे के उप्पर इस्त्री बिल्कुल नक्को." कितने दिन चलेगा? "संभाल के पहने तो बरसों. रोज पहनते क्या?" हौ म्हणालो.

१७ जाने.
शर्टाला कोणी हात लावायचा नाही, असा हुकूम काढलाय. मीच धुणार. संगीता म्हणाली, "माझी लग्नाची साडी उंदरांनी कुरतडली तेव्हा जाऊ दे म्हणालात." खरं आहे. म्हणालो होतो.

आज तसाच दूध आणायला खाली. वरच्या मजल्यावरचे राव जिन्यात भेटले, छातीकडे बोट, हा कोण? मीच, म्हणालो. "जुट्टु एक्कड पोयिंदि?" केस कुठे गेले म्हणून आख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं हसले. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

२५ जाने., शनिवार
रेघ फोटोतली नाही. वाढलीय. गालापासून कानापर्यंत. कपाळावरही कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी. पाणी गार, साबण सौम्य, बाथरूमच्या आतल्या दोरीवर वाळतो. माझी चूक कुठे होतेय, सापडत नाही.

२६ जाने.
सापडली. माझी चूक नाही. माय. घास चावता चावता तिचा उजवा हात फोटोवर फिरतो. गाल, कान, मग भांग पाडल्यासारखं केसांवरून. तेलाचा हात असेल, वरणाचा असेल, चालूच. एवढे दिवस मी घासाकडे बघत होतो, हाताकडे नाही.

२८ जाने.
मायचा हात धरून ठेवला. हळूच, दुखेल असा नाही. रडली. "माझ्या लेकराला हात लावू दी ना गं, बाई." शेजारी उभ्या संगीताला कोणी परकी बाई समजली, मी कोण ते विचारूच नका. ताट तसंच राहिलं.

संध्याकाळी हात सोडला. जेवली. मी मान वळवून खिडकीबाहेर बघत बसलो.

३० जाने.
संगीताशी वाजलं. फक्त जेवणाच्या वेळी घाला, एवढंच ती म्हणाली. मी ओरडलो की जेवणाच्या वेळीच घालतो, अजून किती कमी घालू. ती म्हणाली, "तुम्ही शर्ट जपायलात का मायला?" मी शर्ट घेऊन धुवायला गेलो.

तिचंही काही खोटं नाही. दुपारी घोटभर पेज कशीबशी पाजणं, अंघोळ, कपडे बदलणं, सगळं तिच्यावर. आणि माय तिला एकदाही नावाने हाक मारत नाही. तिचा फोटो कोण छापणार.

४ फेब्रु., मंगळवार
माझ्या हातून झालं. दुसऱ्या कोणाच्या नाही.

मायच्या ओल्या चादरी रोज सकाळी कढत पाण्यात, जंतुनाशक टाकून भिजवतो. आज ऑफिसला उशीर होत होता. अंगातला शर्ट काढला आणि चादरींच्या बादलीत टाकला. सवयीने. कळलं तेव्हा बसमध्ये होतो, मलकपेठच्या पुढे. संगीताला फोन केला. तिने बाहेर काढला होता. म्हणाली, संध्याकाळी बघा. आवाजावरून ओळखलं.

फोटोतला डावा डोळा गेला. सोललेल्या बटाट्यासारखा. हनुवटीही निघाली.

एवढे नियम पाळून शेवटी मीच. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

५ फेब्रु.
माय बराच वेळ बघत राहिली. "ह्याला काय लागलं?" म्हणाली. फुंकर घातली डोळ्याच्या जागी. चार घास.

८ फेब्रु., शनिवार
ऋतुजाने नवा आणला. तोच फोटो, तोच निळा रंग, त्याच दुकानातून. "सेम टू सेम आहे पप्पा, डोन्ट वरी." आहेही. मायनं हात ठेवला आणि उचलला. पुन्हा ठेवला. छापा गुळगुळीत, नवीन, ताठ. "हा आमचा न्हाई," म्हणाली. "ह्याच्या आईला देऊन या."

ऋतुजा आत जाऊन रडली. मी तिला म्हणालो, तुझं काही चुकलं नाही बाळा. ती म्हणाली, "आज्जीला मी कधीच आठवणार नाही ना?"

जुना घातला. अर्धी पोळी, दुधात कुस्करून.

१२ फेब्रु., बुधवार
पौर्णिमा. पांढरे कपडे घालून घरातच बुद्धवंदना घेतली, मायच्या खाटेपाशी. तिचे ओठ हलत होते. पाली सगळी पाठ आहे, एक शब्द चुकला नाही. माझं नाव तेवढं नाही. राग आला, खोटं कशाला लिहू. कोणाचा ते कळलं नाही.

२१ फेब्रु.
दुसराही डोळा गेला. हा बादलीत नाही, बोटांनी. आता केस आणि गळ्याचं बटण तेवढं ओळखू येतं. माय बटणावर बोट ठेवते. कधी खाते, कधी नाही. काल खाल्लं नाही. आज सहा घास. दंडाला धरून उठवताना चिमटीत येतं तेवढंच मांस.

भीती वाटते. बटण गेल्यावर काय, ही.

२ मार्च, रविवार
सकाळी मायला ठसका लागला. धावत उठलो, दोरीवरचा शर्ट ओढला, डोक्यातून घातला, तिला टेकवून बसवलं, पाठीवर हात फिरवला. ठसका थांबला. पेजेची वाटी घेऊन समोर बसलो. ती छातीकडे बघत होती. हात पुढे केला, फिरवला, थांबली. मीही खाली बघितलं. शर्ट उलटा. दोरीवर होता तसाच घातलेला. आतली निळी बाजू आणि शिवण. फोटो नाहीच.

आता तोंड मिटणार.

ती वर बघून म्हणाली, "येवढा मोठा झालास, अन् शर्ट उलटा घालून हिंडायलास व्हय?"

आणि तोंड उघडलं. आख्खी वाटी. हात मांडीवर पडलेला, कुठेही फिरला नाही.

नाव घेतलं नाही. गुंड्या म्हणाली नाही. संगीताला सांगितलं तर ती म्हणाली, उलट्या शर्टाच्या कोणालाही म्हातारं माणूस असंच बोलेल. असेल. पण ‘येवढा मोठा झालास’ हे कोणालाही म्हणतात का? संगीताने रिकामी वाटी उचलली. मग म्हणाली, "संध्याकाळी मायलाच विचारा." मी विचारलं नाही. संध्याकाळी शर्ट घातलाच नाही, अंगात बनियन होता. दोन घास घेतले आणि झोपी गेली. ओळखलं नाही म्हणून, की झोप आली म्हणून, कळायला मार्ग नाही.

शर्ट धुतला. गार पाण्यात, न पिळता. दोरीवर उलटाच आहे. सकाळी सरळ करून घालायचा की तसाच, ठरत नाहीये.