राजाचा दम

२ मार्च १९८७
बायकोने, कुसुमने, डॉक्टरांकडे ओढून नेलं. छातीचा फोटो, पट्टीवर हृदयाचा आलेख, सगळं झालं. डॉक्टर म्हणाले, सिगारेटींनी फुफ्फुसं तर गेलीच, पण तिथल्या रक्तवाहिन्यांना आतून जे नाजूक अस्तर असतं, तेही खराब झालंय. त्यामुळे वाहिन्या आवळून बसतात आणि रक्त ढकलताना हृदयाची दमछाक होते. फोटोत अस्तर दिसलं का, विचारलं. नाही म्हणाले. मग झालं तर!
तरीही निश्चय: सिगारेट आजपासून बंद. उत्सवातलं नाटक पाच आठवड्यांवर. बावीस वर्षं राजा मीच.

३ मार्च
एकदम बंद केल्यास शरीराला धक्का बसतो, असं माझं मत. रोज चार.

९ मार्च
तालीम. पद उत्तम झालं. मध्ये तीनदा थांबलो, पण ते भाव दाखवायला. पेटीवर मेव्हणा श्रीपती. म्हणाला, "भाऊजी, पद मी विंगेतून म्हणू काय? तुम्ही नुसते ओठ हलवा."
जळतो.

१७ मार्च
पायांना सूज. कुसुमच्या लोणच्यातलं मीठ, दुसरं काय? डॉक्टरांच्या मते हृदयाची उजवी बाजू थकली. लघवीची गोळी दिली. तालमीच्या दिवशी घेत नाही. राजाने दरबारातून सारखं उठून जाणं बरं दिसत नाही.

२८ मार्च, सकाळ
व्यायाम म्हणून देवळाच्या पायऱ्या चढलो. अकराव्या पायरीवर बसलो, समुद्र बघायला. अर्धा तास बघितला. शेवटी पुढे देवळात पोचलेली कुसुम खाली आली. ओठ निळे दिसतायत म्हणाली. मेकअपची ट्रायल आहे, असं सांगितलं. तिने माझा दंड धरला.

८ एप्रिल, हॉस्पिटल
काल प्रयोग. दुसऱ्या पदात तान घेतली आणि हवाच संपली. सिंहासनावर कोसळलो. लोकांना अभिनय वाटला. टाळ्या! वन्समोअर! उठता येईना. पडदा कुसुमने पाडायला लावला. चौघांनी सिंहासनासकट बाहेर नेलं. आता नाकात ऑक्सिजनची नळी.
तोपर्यंतचा प्रयोग फार रंगला.

१० एप्रिल
अर्धवट राहिलेलं नाटक काल पुन्हा लावलं. राजा श्रीपती. कुसुम बघून आली. कसं झालं, विचारलं. मला वाटलं, माझ्या आठवणीने हिला रडू येईल.
"पद शेवटपर्यंत ऐकायला मिळालं हो," म्हणाली. "किती वर्षांनी!"
आणि माझी नळी नीट बसवली.