खाडीत सोडलेल्या काळ्या शिंपल्या

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि मला तुमचा राग येऊन चार. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणू देत. मी रागावले आहे, आणि ज्याच्याशी भांडायचं तोच जागेवर नाही याचा तर आणखीच संताप होतो. तुम्ही असतात तर जालन्याला तुमच्या घरी येऊन, तुमच्या बायकोच्या हातचा चहाही न घेता, उभ्याउभ्या भांडले असते.

आपली कोकणातली सहल आठवा. टेंभुर्णीत आमच्या गल्लीत तेव्हा नुकताच पहिला रंगीत टीव्ही आला होता आणि बीएस्सीच्या शेवटच्या वर्षापर्यंत मी समुद्र पाहिला असेल तर तेवढाच, त्या टीव्हीतला. वाटेत मुंबईला तुम्ही आम्हाला गोदीजवळ नेलंत. तिथल्या एका खांबावरून चाकूने खरवडून काळ्या शिंपल्यांचे घोस काढलेत. नखाएवढ्या बारक्या, बारीक दोऱ्यांनी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या. "बरणीतलं मेलेलं किती दिवस पाहाल पोरांनो? जितं दाखवतो तुम्हाला," म्हणालात आणि तिथलंच पाणी भरून बादली माझ्या ताब्यात दिलीत. कोकणात पोचेपर्यंत घाटातल्या प्रत्येक वळणाला ते घाण पाणी माझ्या साडीवर सांडत होतं. मी एका शब्दाने कुरकुरले नाही. तुम्ही मला काम सांगितलंय याचाच मला केवढा दिमाख!

खाडीवर ओहोटी होती. एक बाई खडकावर बसून त्याला चिकटलेली कालवं फोडून आतलं मांस काढत होती. आमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल, पण हात असा चालत होता की आम्ही नुसत्या बघत राहिलो. तिने आम्हाला कच्चं कालव खायला दिलं, आमची तोंडं वाकडी झाली तशी पोट धरून हसली. तुम्ही तिथेच वाळूत प्रॅक्टिकल घेतलंत, भिंगातून ते दोरे दाखवलेत. काम झालं तरी अर्धी बादली उरलीच. आत्ताही डोळ्यांसमोर उभे आहात तुम्ही, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आणि म्हणताय, "सोड त्यांना पाण्यात." मी म्हणते, "सर, ह्या इथल्या न्हाईत. तुम्हीच दिलेल्या पुस्तकात वाचलं मी. जहाजाच्या बुडाला चिकटून दुसऱ्या मुलखातून येतात अन् जातील तिथं सगळं झाकून टाकतात. सोडून जमल का?" तुम्ही सगळ्यांकडे वळून हसलात. "ऐका! समुद्र म्हंजे हिला टेंभुर्णीचं तळं वाटून राह्यलं. अगं, अर्ध्या बादलीनं काय व्हतंय? मंग काय बादलीतच मारतीस का जित्या जिवाला?" सगळी पोरं खो खो हसली. माझे कान तापले. मी बादली उचलली आणि खाडीत उपडी केली.

असं का केलंत ते मला ठाऊक आहे, आणि तिथेच माझी जास्त चिडचिड होते. तुम्ही वर्गात कितीदा सांगितलं होतंत, घनसावंगीकडे तुमच्या लहानपणी गोदावरीचे डोह आटायला लागले की तुमची आई तळाशी तडफडणारे मासे आणि शिंपले घागरीत घालून पुढच्या डोहात नेऊन सोडायची. आपल्या भागात पाण्यावाचून मरणारा जीव कुणाला बघवत नाही. पण सर, ती एकच नदी होती! तिच्या एका डोहातला जीव दुसऱ्या डोहात नेला तर तो आपल्याच घरी गेला. समुद्राला तुम्ही एकच मोठा डोह समजलात. तुम्ही, प्राणिशास्त्राचे मास्तर! एखाद्या अडाण्याने केलं असतं तर मी गप्प बसले असते. तुमच्या हातात पुस्तक होतं, ते तुम्हीच मला बक्षीस दिलं होतंत, पहिल्या पानावर तुमची सही आहे. मग वाचलं होतंत की नुसतंच दिलं होतंत? की पोरगी बरोबर बोलून राहिली हे चारचौघांत कबूल करणं जड गेलं?

चार वर्षांपूर्वी मी माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन त्याच खाडीवर गेले. धक्क्याचे खांब काळे, होड्यांची बुडं काळी, कालवांचा तो सगळा खडक काळा. बोटाने खरवडलं, आणि तेच दोरे. जिथे तिसऱ्या, त्या चिखलातल्या खायच्या शिंपल्या, काढायला बायका बसायच्या, तिथे ह्या शिंपल्यांची सतरंजी पसरलेली, खालचं सगळं गुदमरून गेलेलं. वरून येणाऱ्या पाण्यातलं खाणं ह्याच गिळतात, कालवांपर्यंत काही पोचतच नाही. ती कालवं फोडणारी बाई अजून तिथेच होती. केस पिकलेले, पण "जालन्याची ना गो तू? कालव थुंकलंस ती?" म्हणून तिने मला ओळखलं. घरी नेऊन चहा दिला. म्हणाली, आता कालवं मिळत नाहीत, सकाळी दुसऱ्यांच्या बागेत कामाला जाते. मग विचारलं, "तू शिकलेली आहेस, सांग बघू, हे मेलं आलं कुठून?"

तेव्हा मला खरं सांगून टाकायचं होतं. पण जहाजांना चिकटून येतात हे पुस्तकी उत्तर माझ्याकडे तयार होतं आणि ते खोटं आहे असंही कुणी म्हणू शकलं नसतं. अर्ध्या बादलीनेच हे झालं, असं छातीठोक कुणीच सांगणार नाही. तरी ती बादली कुणाची होती, हे मला बरोबर माहीत होतं. मी म्हणाले, "बाहेरच्या लाँचींनी आणलं असेल." "मी म्हटलंच होतं!" म्हणाली आणि तशीच उठली. धक्क्यावर एक लाँचवाला जाळं विणत बसला होता, त्याला तिने सगळ्यांदेखत नको नको ते सुनावलं. तो बापडा मान खाली घालून ऐकत राहिला. मी शेजारीच उभी होते, हातात तिने दिलेला नारळ घेऊन.

ती बोलणी तुमच्या वाट्याची होती आणि माझ्याही. तुम्हाला मी चार पानं सुनावली, जीव थोडा हलका झाला. पण तुम्हाला लिहिणं सोपं आहे, सर. तुमच्याकडे टपाल जात नाही. तिचा पत्ता मात्र मी त्या दिवशीच लिहून घेतला होता, आणि चार वर्षांत तिला एक ओळही लिहिलेली नाही.