सतरा नंबरचा नमुना आणि फ्रिजचं दार

प्रिय भाऊजी,

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि जाऊबाई तुम्हाला चढू देतात का, ते आधी कळवा. मी बरी आहे. जेवते, झोपते, फिरायला जाते. (कोपऱ्यापर्यंतच, पण जाते.) ह्यांना जाऊन परवा पाच महिने झाले. पण लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने, आणि त्यात थोडा तुमचाही हात आहे.

ह्यांचं काम तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे, म्हणजे फारसं नाही. नखाएवढ्या तुकड्यावर डोळ्यांना दिसणार नाहीत इतके पातळ थर चढवायचे. एक चुंबकी, आणि दुसरा असा की खूप थंड केला की त्यातून वीज विनाअडथळा वाहते. पण चुंबकाच्या शेजाराने त्या थरात विजेचे बारीक भोवरे उठतात, आणि ते भटकू लागले की अडथळा पुन्हा हजर. त्या भोवऱ्यांना जागेवर बसवण्यात ह्यांची एकवीस वर्षं गेली. (माझी तेवढीच वर्षं चौथीच्या वर्गावर गेली. संध्याकाळी आम्ही एकमेकांना विचारायचो, आज बसले का?)

गेल्या महिन्यात प्रयोगशाळेच्या प्रमुख घरी आल्या. ह्यांची जुनी विद्यार्थिनी. हे तिला घाईबाई म्हणत. सतरा नंबरचा नमुना कुठेच सापडत नव्हता. तो आमच्याकडे होता. ह्यांनी आजारपणाच्या आदल्या दिवशी चुकून खिशातून घरी आणलेली ती चपटी पिशवी मला ओट्यावर दिसली होती, आणि हरवू नये म्हणून मी ती फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावून टाकली होती. मी ती काढली, पुसली आणि दिली. कुठे ठेवली होती ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

दहा दिवसांनी बोलावणं आलं. सतरा नंबरमधले भोवरे पट्ट्यापट्ट्यांनी ओळीत उभे होते, आणि वीज त्यांच्या बाजूने निमूट वाहत होती. असं आजवर कुणाला जमलं नव्हतं म्हणे. सरांनी जाता जाता काहीतरी शोधलं, असं म्हणून सगळे ह्यांच्या वह्या पालथ्या घालत होते. ह्यांच्या नावाने लेख लिहायला घेतला होता. मी चहा संपवून घरी आले.

भाऊजी, तीन दिवस मी गप्प राहिले. तशी मी गप्पच असते, पण हे गप्प बसणं वेगळं होतं. ह्यांचा शेवटचा शोध माझ्या एका वाक्याने पुसला जाणार होता. पण वहीत नसलेलं काही आपल्या नावावर खपवलेलं ह्यांना चाललं नसतं. चौथ्या दिवशी गेले आणि म्हटलं, "तो फ्रिजवर होता."

"फ्रिजमध्ये?"

"दारावर. चुंबकाखाली. चार महिने."

घाईबाई खाली बसल्या. मग कळलं की तसल्या रबरी चुंबकात उलटसुलट ध्रुवांचे पट्टे असतात, आणि तेच नमुन्याच्या चुंबकी थरावर उमटले होते. त्या म्हणाल्या, "सर असते तर काय म्हणाले असते?"

"माझ्या वस्तूंना हात लावलास ना, असं मला म्हणाले असते."

त्या हसल्या, मीही हसले. पाच महिन्यांत पहिल्यांदा. लेख ह्यांच्या नावानेच जाणार आहे, कारण थर ह्यांचेच. फक्त चुंबकाची हकीकत खरी लिहिणार. आता तसंच पुन्हा करून बघायचंय, म्हणून त्यांना सोमवारपर्यंत ते चुंबक हवंय.

जाऊबाईंना माझी आठवण सांगा.

तुमची,
वहिनी

ता. क. – ते चुंबक तुमच्या रंगाच्या दुकानाचं. फोन नंबरातला एक आकडा छापायचा राहिला म्हणून पाचशे नग माळ्यावर पडलेत आणि हे तुम्हाला त्यावरून जन्मभर चिडवत आले, त्यांतलंच. त्याच गठ्ठ्यातली दोन-तीन लगेच पाठवा. नंबर दुरुस्त करून नव्याने छापलेली नकोत.

ता. क. २ – आमच्याकडचं का देत नाही, असं तुम्ही विचाराल. त्याखाली अजून ह्यांची चिठ्ठी आहे, आजारी पडले त्या सकाळी कामावर जाताना लावलेली. 'दूध मी आणतो, तू जाऊ नकोस.' चिठ्ठीला दुसरं चुंबक लावता येईल, हे मलाही कळतं.

ता. क. ३ – त्या दिवशी दूध कुणीच आणलं नाही. हल्ली मीच आणते. कोपऱ्यावरच मिळतं.